श्वासाबरोबर गेलेल्या धुळीचा हिशेब

रणांगणावर लागलेली गोळी शरीरावर खूण ठेवून जाते. जखम किती खोल, हाड कोणतें मोडलें, हात चालतो कीं नाहीं, हें सर्जनला डोळ्यांनीं पाहतां येतें, आणि त्यावरून पेन्शन किती द्यावयाचें हें ठरविण्यास सरकारला फारशी अडचण पडत नाहीं. विसाव्या शतकाच्या मध्यास मात्र एक निराळीच इजा लष्कराच्या पदरीं आली. सैनिक वाळवंटांत चालला, पायांखालची धूळ उडाली, ती त्यानें श्वासाबरोबर आंत घेतली, आणि त्या वेळीं त्याला कांहींच झालें नाहीं. वीस-तीस वर्षांनीं त्याला रक्ताचा कर्करोग झाला. तो त्या धुळीचा कीं आणखी कशाचा, हें नुसत्या रोगाकडे पाहून कोणताहि वैद्य सांगूं शकत नाहीं. सांगावयाचें तर एकाच मार्गानें. त्या दिवशीं किती धूळ आंत गेली आणि तिनें कोणत्या अवयवावर किती किरण टाकले, याचा हिशेब मांडून. अणुबाँबच्या चाचण्यांत उभ्या केलेल्या अमेरिकन सैनिकांच्या बाबतींत हा हिशेब कसा मांडला गेला, आणि त्यांत सैनिकाच्या पदरांत काय पडलें, ही हकीगत पाहण्याजोगी आहे.

तत्पूर्वीं थोडें शास्त्र पाहणें अवश्य आहे. किरणोत्सर्गी द्रव्यांतून निघणाऱ्या किरणांचे मुख्य प्रकार तीन. गॅमा किरण हे क्ष-किरणांसारखे. ते शरीर भेदून जातात आणि छातीवर लावलेल्या फिल्मच्या तुकड्यावर आपली खूण ठेवतात. हा तुकडा म्हणजेच सैनिकांना देण्यांत येणारी फिल्मपट्टी. बीटा किरणांची धांव थोडी. अल्फा किरण तर कागदाच्या एका तावानेंहि अडतात. शरीराबाहेर असतांना त्यांचें भय नाहीं. कातडीचा वरचा मृत थरच त्यांना पुरा पडतो. परंतु अल्फा किरण सोडणारा कण फुप्फुसांत जाऊन बसला म्हणजे गोष्ट उलट होते. मिलिमीटरच्या पंचविसाव्या हिश्शाइतक्या अंतरांत हे किरण आपली सारी शक्ति जवळच्या पेशींवर खर्च करतात. प्लुटोनियम हें असेंच अल्फा किरण सोडणारें द्रव्य असून त्याचें अर्धायुष्य सुमारें २४,१०० वर्षांचें आहे. छातीवरील फिल्मपट्टीला त्याचा पत्ताहि लागत नाहीं. म्हणजे सैनिकाला पोंचलेली मात्रा ज्या साधनानें मोजावयाची, तें साधन नेमकें ह्या बाबतींत आंधळें होतें.

कणाच्या आकारावरहि पुष्कळ अवलंबून असतें. दहा मायक्रॉनहून मोठे कण बहुतेक नाकांत व घशांतच अडकतात, आणि बाहेर टाकले जातात किंवा गिळले जातात. एक ते पांच मायक्रॉनचे कण मात्र खोल वायुकोशांपर्यंत पोंचूं शकतात. तेथें गेलेलें द्रव्य विरघळणारें असेल तर तें रक्तांत मिसळून हाडांत व यकृतांत जातें. न विरघळणारें असेल तर वर्षानुवर्षें फुप्फुसांत आणि जवळच्या लसिकाग्रंथींत पडून राहतें. ह्या प्रवासाचा सविस्तर आराखडा आंतरराष्ट्रीय किरणसंरक्षण मंडळाच्या शास्त्रज्ञांनीं १९६६ सालीं प्रसिद्ध केला व १९९४ सालीं नव्यानें मांडला. ज्या सैनिकांची ही कथा आहे त्यांतील बहुतेकांनीं धूळ खाल्ली ती त्यापूर्वींच.

आंत गेलेलें द्रव्य काय करतें याचा पहिला धडा मात्र जुना आहे, आणि तोहि लष्करी गरजेंतूनच मिळाला. पहिल्या महायुद्धांत खंदकांतील शिपायाला अंधारांत घड्याळ दिसावें म्हणून तबकड्यांवर रेडियमचा चमकणारा रंग देण्यांत येऊं लागला. न्यू जर्सी संस्थानांतील ऑरेंज ह्या गांवच्या कारखान्यांत हें काम तरुण मुली करीत, आणि कुंचल्याला टोंक आणण्यासाठीं तो ओठांत धरीत. पुढें त्यांचे जबडे कुजले, हाडांत कर्करोग झाले. डॉ. हॅरिसन मार्टलँड यांनीं १९२५ सालीं ह्या रोगाचें मूळ पोटांत गेलेल्या रेडियमांत असल्याचें दाखवून दिलें. नंतर रॉब्ली इव्हान्स ह्या पदार्थविज्ञानवेत्त्यानें अशा रुग्णांच्या उच्छ्वासांतून येणारा रॅडॉन वायु मोजून शरीरांत रेडियम किती मुरलें आहे हें काढण्याची रीत बसविली. १९४१ सालीं, दुसऱ्या महायुद्धासाठीं पुन्हां चमकत्या तबकड्या हव्या झाल्या तेव्हां, शरीरांत एका मायक्रोग्रॅमच्या दहाव्या भागाहून अधिक रेडियम असूं नये अशी मर्यादा ठरली. हा आंकडा निव्वळ तर्काचा नव्हता. तो त्या मुलींच्या हाडांवरून काढलेला होता.

तीन वर्षांनीं लॉस अलामॉस येथील गुप्त प्रयोगशाळेंत प्लुटोनियम येऊं लागलें. तेथील आरोग्यविभागाचे प्रमुख डॉ. लुई हेंपलमन यांच्यापुढें प्रश्न पडला तो असा, कीं प्लुटोनियमांतून रॅडॉनसारखा वायु निघत नाहीं, मग तें माणसाच्या शरीरांत किती गेलें हें ओळखावयाचें कशावरून? पहिला उपाय अगदीं साधा होता. काम संपलें म्हणजे कामगाराच्या नाकपुडींत ओलसर कागदाचा बोळा फिरवून त्यावर किती अल्फा किरण मोजले जातात तें पाहावयाचें. ह्यावरून धोका झाला कीं नाहीं हें कळे, किती झाला हें कळत नसे. १९४४ च्या ऑगस्टमध्यें एका तरुण रसायनशास्त्रज्ञाच्या तोंडावर प्लुटोनियमची कुपी फुटली आणि कांहीं अंश त्याच्या तोंडांत गेला. पोट धुवून काढून वैद्यांनीं तें द्रव्य परत मिळविण्याची खटपट केली. ह्या प्रकारानंतर, लघवींतून बाहेर पडणाऱ्या अत्यल्प प्लुटोनियमावरून शरीरांतील साठा काढण्याच्या संशोधनाला जोर आला. हें काम राइट लँगम ह्या रसायनशास्त्रज्ञाच्या नांवाशीं कायमचें जोडलें गेलें आहे.

परंतु लघवींतील एक अंश म्हणजे शरीरांतील किती अंश, हें ठरविण्यास ज्याच्या शरीरांत नेमकें किती प्लुटोनियम आहे हें ठाऊक आहे असा मनुष्य पाहिजे. तो मिळविण्याचा जो मार्ग काढण्यांत आला तो अमेरिकन वैद्यकाला शोभणारा खास नव्हता. १९४५ ते १९४७ ह्या काळांत रॉचेस्टर, शिकागो, सॅनफ्रान्सिस्को व ओक रिज येथील अठरा रुग्णांना प्लुटोनियमचीं इंजेक्शनें देण्यांत आलीं, आणि आपल्या अंगांत काय घातलें जात आहे हें त्यांना खऱ्या अर्थानें सांगण्यांत आलें नाहीं. ही गोष्ट १९९३ सालीं एका वृत्तपत्राच्या शोधामुळें सर्वतोमुखी झाली आणि १९९४ सालीं अध्यक्षांना चौकशी समिति नेमावी लागली. ह्याच रुग्णांच्या मलमूत्रावरून लँगमचें प्रसिद्ध सूत्र तयार झालें. त्या सूत्राप्रमाणें, रक्तांत गेलेल्या प्लुटोनियमापैकीं पहिल्या दिवशीं शेंकडा पाव टक्क्याहूनहि थोडें कमी लघवीवाटे बाहेर पडतें, आणि शंभराव्या दिवशीं तर पंधरा हजारांतला एखादा भाग. असल्या अणुमात्र अंशावरून सगळा साठा काढावयाचा. शिवाय रुग्णांना दिलेलें प्लुटोनियम विरघळलेल्या स्वरूपांत होतें. स्फोटाच्या धुळींतील प्लुटोनियम भाजून निघालेलें, न विरघळणारें असतें. तें फुप्फुसांत बसून राहतें, लघवींत उतरतच नाहीं म्हटलें तरी चालेल. दोहोंस एकच सूत्र लावणें कठीण, ही गोष्ट पुढें फार महत्त्वाची ठरली.

युद्ध संपल्यावर पहिला मोठा प्रसंग आला तो १९४६ च्या जुलै महिन्यांत, पॅसिफिक महासागरांतील बिकिनी बेटापाशीं. अणुबाँबपुढें लढाऊ जहाजांचें काय होतें हें पाहण्यासाठीं अमेरिकन आरमारानें तेथें नव्वदाहून अधिक जहाजें नांगरून ठेविलीं. सुमारें ४२,००० लोक ह्या कामावर होते. १ जुलैचा पहिला बाँब हवेंत फुटला, आणि जहाजांवर फार काळ टिकणारी धूळ त्यानें फारशी सोडली नाहीं. २५ जुलैचा दुसरा बाँब पाण्याखालीं नव्वद फुटांवर फोडण्यांत आला. पाण्याचा प्रचंड खांब उसळला, आणि खालीं कोसळतांना किरणोत्सर्गी तुषारांची भिंत साऱ्या जहाजांवरून लोटत गेली. बाँबमधील प्लुटोनियमाचा मोठा भाग न फुटतां त्या पाण्यांत मिसळला होता.

त्यानंतर काय करावें हें कोणालाच ठाऊक नव्हतें. खलाशी साबण, कॉस्टिक सोडा आणि ब्रश घेऊन डेक घासूं लागले. उघड्या अंगानें, सूर्य तळपत असतांना, ते दिवसचे दिवस घाशीत होते. रंगांत व गंजांत मुरलेलें द्रव्य निघेना. किरणसंरक्षणाचे प्रमुख कर्नल स्टॅफर्ड वॉरन हे स्वतः डॉक्टर होते. त्यांचें म्हणणें असें कीं गायगर यंत्र फक्त गॅमा व बीटा दाखवितें, प्लुटोनियम दाखवीत नाहीं. तेव्हां यंत्र गप्प आहे म्हणून जागा निर्धोक म्हणतां येत नाहीं. आरमारी अधिकाऱ्यांना हें पटेना, कारण न दिसणाऱ्या, वास नसलेल्या आणि यंत्रालाहि न सांपडणाऱ्या गोष्टीवर जहाज सोडून देणें त्यांच्या शिस्तींत बसत नव्हतें. अखेर १० ऑगस्ट रोजीं वॉरन यांनीं सरखोलातील एक मासा फोटोच्या काचेवर ठेवून, त्याच्या अंगांतील किरणांनीं उमटलेलें त्याचेंच चित्र ॲडमिरल ब्लँडी यांच्यापुढें ठेविलें. त्या चित्रानें जें काम झालें तें अहवालांनीं झालें नव्हतें. ब्लँडी यांनीं धुण्याचें काम तेव्हांच थांबविलें. मात्र तोंवर कित्येक दिवस हजारों खलाशी त्या जहाजांवर वावरले होते, आणि एकंदर लोकांपैकीं सुमारें पंधरा टक्क्यांनाच फिल्मपट्टी मिळालेली होती. श्वासाबरोबर काय गेलें याचें मोजमाप तर कोणाचेंच झालेलें नव्हतें.

त्याच सुमारास आणखी एक सैन्य किरणोत्सर्गी भूमीच्या आसपास वावरत होतें, तें म्हणजे जपानांतील ताबा-सेना. हिरोशिमा व नागासाकी येथें आणि भोंवतालीं अमेरिकेचे सुमारें १,९५,००० सैनिक येऊन गेले. राष्ट्रकुलाच्या ताबा-सेनेचें ठाणें हिरोशिमाजवळच्या कुरे बंदरांत होतें, आणि तिच्यांतील हिंदी ब्रिगेडमध्यें, ब्रिगेडियर थिमय्या यांच्या हाताखालीं, पंजाबी व गुरखा पलटणींबरोबर पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटणहि होती. हिंदी फौजेचा मुक्काम मुख्यतः ओकायामाच्या बाजूस असे. हिरोशिमाचा बाँब जमिनीपासून सुमारें ६०० मीटर उंचीवर फुटल्यामुळें धूळ फारशी खालीं बसली नव्हती. अमेरिकन लष्करी खात्यानें पुढें केलेल्या हिशेबाप्रमाणें ताबा-सैनिकाला सर्व गोष्टी प्रतिकूल धरूनहि एका रेमच्या आंत मात्रा पोंचली असावी. रेम हें किरणमात्रेचें जुनें माप असून निसर्गतः माणसाला वर्षाकांठीं सुमारें पाव रेम मिळतच असतो. तेव्हां जपानांतून परतलेल्या सैनिकांच्या बाबतींत भीतीचें कारण अल्प होतें असें म्हणावयास हरकत नाहीं.

नेवाडाच्या वाळवंटाची गोष्ट निराळी. तेथें १९५१ पासून लष्करानें आपल्या पलटणी मुद्दाम आणल्या. अणुबाँब फुटल्यानंतर सैनिक कसा वागतो, घाबरतो कीं हुकूम पाळतो, हें सेनापतींना पाहावयाचें होतें. खंदकांत बसवावयाचें, स्फोट होऊं द्यावयाचा, आणि धुळीचा लोट उसळलेला असतांनाच स्फोटाच्या जागेकडे चढाई करवावयाची, असा क्रम असे. फिल्मपट्टी प्रत्येकाला मिळेच असें नाहीं. कित्येकदां साऱ्या तुकडीमागें एकच पट्टी दिली जाई. १९५७ च्या एका मालिकेंतच एकोणतीस चाचण्या झाल्या. त्यांपैकीं ३१ ऑगस्टची 'स्मोकी' नांवाची चाचणी ७०० फूट उंच मनोऱ्यावर झाली, आणि तिची शक्ति ४४ किलोटन होती. म्हणजे हिरोशिमाच्या दुप्पटीहून अधिक. त्यानंतर हेलिकॉप्टरांनीं सैनिक त्या भागांत उतरविण्यांत आले. हेलिकॉप्टरचा पंखा वाळवंटांतील धुळीचें काय करतो हें सांगावयास नको.

वीस वर्षें ह्या गोष्टीचें कोणाला कांहीं वाटलें नाहीं. १९७६ च्या सुमारास ह्या चाचणींत भाग घेतलेल्या एका सैनिकाच्या ल्युकेमियाकडे अटलांटा येथील रोगनियंत्रण केंद्राचें लक्ष वेधलें गेलें. केंद्राच्या डॉ. ग्लिन कॉल्डवेल यांनीं स्मोकीच्या सर्व सैनिकांची यादी शोधून काढली. १९८० सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, कीं ३,२२४ माणसांत ल्युकेमियाचे साडेतीन रोगी अपेक्षित असतां नऊ सांपडले होते. फिल्मपट्ट्यांवरून मात्र सरासरी मात्रा अर्ध्या रेमच्याहि आंतबाहेरच निघत होती. एवढ्या थोड्या मात्रेनें एवढे रोगी व्हावे हें गणितांत बसत नव्हतें. एक तर तो निव्वळ योगायोग असावा, किंवा पट्टीला न दिसलेली मात्रा आंत गेलेली असावी. कॉल्डवेल यांच्या यादींत इतर प्रकारचे कर्करोग वाढलेले नव्हते हेंहि येथें सांगितलें पाहिजे.

वृत्तपत्रांनीं आणि काँग्रेसनें गवगवा केल्यावर संरक्षणखात्यानें १९७८ सालीं चाचण्यांतील सैनिकांच्या नोंदी जमविण्याचें खास कार्यालय उघडलें. सुमारें दोन लाख माणसें. नोंदी अपुऱ्या, कांहीं जळालेल्या. तीस वर्षांपूर्वींची एका सैनिकाची एक सकाळ कागदावर पुन्हां उभी करावयाची होती. बाहेरची मात्रा काढणें त्यामानानें सोपें होतें. फिल्मपट्टी होती, नसल्यास त्या दिवसाचीं गॅमा मापें होतीं. श्वासाची मात्रा काढण्याची रीत पुढीलप्रमाणें बसविण्यांत आली. जमिनीवरील गॅमा मापावरून तेथें दर चौरस मीटरला कोणकोणतें किरणोत्सर्गी द्रव्य किती असावें हें ठरवावयाचें. मग त्यांतील किती भाग हवेंत उडाला असेल यासाठीं त्यास एका गुणकानें गुणावयाचें. मग माणूस ताशीं किती हवा घेतो, तर सव्वा घनमीटरच्या आंतबाहेर, त्यानें गुणावयाचें. मग किती तास तो तेथें होता त्यानें. शेवटीं त्या त्या अवयवाला पन्नास वर्षांत त्यापासून किती मात्रा पोंचेल हें कोष्टकांतून घ्यावयाचें.

ह्या साखळींतील प्रत्येक कडी अनुमानाची आहे, पण धूळ उडण्याचा जो गुणक तो सर्वांत कच्चा. चालत्या माणसाच्या साध्या हालचालीसाठीं हिशेबनीस सामान्यतः एक लाखांतला एक हा आंकडा धरीत. अर्थ असा, कीं एक चौरस मीटर जमिनीवर जेवढें द्रव्य पडलेलें असेल त्याचा लक्षांश तिच्यावरील एक घनमीटर हवेंत तरंगत असतो. शांत जमिनीवर हा आंकडा उदारहि ठरेल. परंतु वाहनें धांवत असलीं, वारा सुटला असला, किंवा माती भुसभुशीत असली, तर तोच आंकडा शेंकडों पटींनीं बदलूं शकतो. मार्गावरून नुसती एक मोटार गेली तरी मागून चालणाऱ्याच्या दातांखालीं कचकच लागते. येथें तर पलटणच्या पलटण धांवत होती. ह्या रीतीनें काढलेली हाडांची मात्रा पन्नास वर्षांत ०.१५ रेमहून कमी भरेल असें चाळणींत दिसलें कीं पुढील हिशेबच करावयाचा नाहीं असा परिपाठ होता. बहुतेक सैनिकांची श्वासमात्रा ह्या चाळणींतून खालीं पडली आणि शून्यवत् धरण्यांत आली.

ह्या हिशेबावर काय काय अवलंबून होतें तें लक्षांत घेतलें पाहिजे. १९८४ च्या कायद्यान्वयें सैनिकाच्या रोगाचा निर्णय ह्या मात्रेवरून व्हावयाचा होता आणि शंकेचा फायदा सैनिकाला द्यावयाचा होता. हिशेब करणारेहि सांगत कीं आम्ही खरी मात्रा देत नाहीं, तिच्याहून मोठी अशी वरची मर्यादा देतों. कमी पडण्याचें भय नाहीं. दाव्याचा निकाल मात्र बहुधा एकाच ओळीचा असे, कीं मात्रा अत्यल्प, सबब रोगाशीं संबंध संभवत नाहीं. १९८८ सालीं काँग्रेसनें दुसरा कायदा करून तेरा प्रकारच्या कर्करोगांच्या बाबतींत मात्रा विचारूंच नये असें ठरविलें. ज्यांचे रोग त्या यादीबाहेर होते ते ह्या गणिताच्याच स्वाधीन राहिले.

तक्रारी थांबेनात म्हणून काँग्रेसच्या आज्ञेनें राष्ट्रीय शास्त्र-अकादमीच्या संशोधन मंडळानें जॉन टिल यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली. तिनें सरकारी दप्तरांतून ९९ प्रकरणें यदृच्छया उचलून कागदन् कागद तपासला, आणि २००३ सालीं अहवाल दिला. समितीचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं बाहेरच्या मात्रेच्या ज्या वरच्या मर्यादा दिल्या त्या पुष्कळदां खऱ्या वरच्या मर्यादा नव्हत्याच. आणि श्वासमात्रेच्या बाबतींत तर कांहीं प्रसंगीं त्यांवर विसंबतांच येत नाहीं.

मुख्य चूक सांगण्यासारखी आहे, कारण ती एकदां समजली म्हणजे इतकी उघड वाटते कीं पंचवीस वर्षें ती हिशेबांत कशी राहिली याचें आश्चर्य वाटतें. नेवाडाच्या त्याच खोऱ्यांत एकामागून एक चाचण्या झाल्या होत्या. आदल्या स्फोटांची धूळ तेथें पडलेलीच होती. नवा बाँब फुटला म्हणजे त्याचा धक्का जमिनीवरून लोटत जाई आणि ती सारी जुनी धूळ एका क्षणांत हवेंत उचली. खंदकांतील सैनिक त्या धुळीनें अक्षरशः माखून निघत. त्यांच्या आठवणींत ही गोष्ट पुन्हां पुन्हां येते. हिशेबांत मात्र चालण्यानें उडणारी धूळ होती, धक्क्यानें उडणारी नव्हती. दुसरी गोष्ट त्याहून सूक्ष्म. गॅमा किरण सोडणारीं द्रव्यें दिवसांत व आठवड्यांत विझत जातात. प्लुटोनियम जसेंच्या तसें राहतें. म्हणून जुन्या धुळीवर गॅमा यंत्राचा कांटा खालीं असतो, पण तिच्यांत अल्फा सोडणाऱ्या द्रव्याचें प्रमाण वाढलेलें असतें. कांटा खालीं म्हणून श्वास निर्धोक, हा समज येथें उलटाच पडतो. बिकिनी येथें कर्नल वॉरन जें ओरडून सांगत होते तेंच थोड्या निराळ्या रीतीनें समितीला सत्तावन वर्षांनीं सांगावें लागलें.

परंतु त्याच समितीनें दुसरीहि गोष्ट तितक्याच स्पष्टपणें लिहिली. चुका दुरुस्त केल्या तरी बहुतेक सैनिकांची मात्रा एवढी वाढणार नाहीं कीं त्यांचा रोग किरणांनींच झाला असें ठरावें. पुढें २०२२ सालीं चाचण्यांतील १,१४,२७० सैनिकांच्या मृत्यूंचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांतहि मात्रा आणि ल्युकेमिया यांचा ठळक संबंध आढळला नाहीं. तेव्हां प्रत्येक आजारी सैनिक धुळीनेंच मेला असें म्हणणें खोटें होईल. परंतु ह्यावरून हिशेब बरोबर होता असें मात्र ठरत नाहीं. मोजणाऱ्यानें वरची मर्यादा म्हणून एक आंकडा द्यावा, तो वरची मर्यादा नसावा, आणि त्या आंकड्याच्या जोरावर सैनिकाला परत पाठवावें, ह्यांत अन्याय आहेच. मग मनुष्याचा रोग कशाचाहि असो.

आतांपर्यंतचीं उदाहरणें चाचण्यांचीं, आणि तीं अशा काळचीं कीं जेव्हां सैनिकांची लघवी कोणी तपासलीच नव्हती. तपासली असती तर वाद मिटला असता काय? ह्याचें उत्तर स्पेनच्या किनाऱ्यावरील पालोमारेस ह्या खेड्यांत मिळतें. १७ जानेवारी १९६६ रोजीं तेथील आकाशांत अमेरिकेचें बी-५२ बाँबफेकी विमान त्याला तेल पुरविणाऱ्या विमानावर आदळलें. चार हायड्रोजन बाँब खालीं पडले. अणुस्फोट झाला नाहीं. पण दोन बाँबमधील साधा सुरुंग फुटून प्लुटोनियमची धूळ टोमॅटोच्या शेतांवर पसरली. सुमारें सोळाशें अमेरिकन सैनिक व कर्मचारी कित्येक आठवडे फावड्यांनीं माती खरवडीत होते. कित्येकांच्या तोंडावर साधा कापडी पडदा तेवढा होता. सुमारें १,४०० टन माती पिंपांत भरून साउथ कॅरोलिना येथील सव्हाना नदीकांठच्या अणुकेंद्रांत पुरण्यासाठीं नेण्यांत आली.

ह्या वेळीं लघवीचे नमुने घेण्यांत आले, आणि सल्ला देण्यास स्वतः लँगमच तेथें होते. दीड हजाराच्या आसपास माणसांचे नमुने तपासले गेले. कित्येकांत प्लुटोनियम अपेक्षेहून पुष्कळ अधिक निघालें. तेव्हां अधिकाऱ्यांनीं असें म्हटलें कीं हे नमुने त्याच धुळींत, धुळीनें माखलेल्या हातांनीं भरले. वरची धूळ बाटलींत पडली असावी. सबब ते धरतां येत नाहींत. ही शंका निराधार नव्हती. परंतु एकदां ते नमुने बाजूला टाकल्यावर उरलें काय? सर्वांत अधिक मात्रेच्या सव्वीस जणांवर कांहीं काळ लक्ष ठेवण्यांत आलें, आणि बाकीच्यांचा विषय संपला. २००१ सालीं वायुदलानें जुने आंकडे पुन्हां तपासून घेतले तेव्हां मात्रा इतक्या मोठ्या निघूं लागल्या कीं त्या वास्तव नसाव्यात असाच शेरा पडला, आणि हवेंतील मापांवरून काढलेल्या लहान आंकड्यांना पसंती मिळाली. माप नव्हतें तेव्हां अनुमानाला माप मानण्यांत आलें. माप मिळालें तेव्हां अनुमानासाठीं माप टाकण्यांत आलें. दोन्ही वेळां आंकडा लहानच ठरला, ही गोष्ट सैनिकांच्या वकिलांच्या नजरेंतून सुटली नाहीं. एका निवृत्त वायुसैनिकानें सर्वांच्या वतीनें दावा लावला, आणि २०२० च्या डिसेंबरांत माजी सैनिकांच्या अपील न्यायालयानें असा निर्णय दिला, कीं ही रीत शास्त्रशुद्ध पुराव्यावर उभी आहे कीं नाहीं हें अपील मंडळानें पाहावयास हवें होतें, तें त्यानें पाहिलें नाहीं.

आधीं मोजावें आणि मग बोलावें, हें लष्करानें एकदां तरी करून दाखविलें तें युरेनियमच्या गोळ्यांच्या बाबतींत. १९९१ च्या आखाती युद्धांत अमेरिकन रणगाड्यांनीं क्षीण युरेनियमचे गोळे वापरले, आणि चुकून कांहीं आपल्याच रणगाड्यांवर मारले. आंतील सैनिकांनीं किती युरेनियम श्वासांत घेतलें याविषयीं दहा वर्षें वाद चालला. शेवटीं लष्करानें खरे रणगाडे उभे करून त्यांवर खरे गोळे झाडले, आंत हवा ओढणारीं यंत्रें बसविलीं, कण आकाराप्रमाणें वेगळे करून मोजले, आणि २००४ सालीं तो सारा तपशील छापला. ब्रिटनमध्यें चारशेंहून अधिक माजी सैनिकांची लघवी समस्थानिकांच्या प्रमाणापर्यंत तपासण्यांत आली. त्यांत क्षीण युरेनियमचा मागमूस सांपडला नाहीं. ह्या निकालावर फारसा वाद झाला नाहीं, कारण प्रत्येकाला आपल्या स्वतःच्या नमुन्याचें उत्तर मिळालें होतें.

पालोमारेसच्या सैनिकांना तसें उत्तर मिळण्याचा काळ निघून गेला होता. १० ऑगस्ट २०२२ रोजीं अध्यक्ष बायडन यांनीं सही केलेल्या कायद्यानें, १७ जानेवारी १९६६ ते ३१ मार्च १९६७ ह्या काळांत पालोमारेस येथें सफाईचें काम केलेल्यांना, १९६८ सालीं ग्रीनलंडांतील थुले येथील बर्फावर तशाच अपघातानंतर राबलेल्यांना, आणि १९७७ ते १९८० ह्या काळांत एनिवेटक बेटाची सफाई करणाऱ्यांना एकाच यादींत घेतलें. ते तेथें होते एवढें सिद्ध झालें आणि रोग ठरलेल्या कर्करोगांपैकीं असला, म्हणजे मात्रा विचारावयाची नाहीं. मात्र प्रोस्टेटचा व कातडीचा कर्करोग ह्या यादींत नाहींत, आणि वृद्ध सैनिकांचे दावे पुष्कळसे ह्याच दोन रोगांचे असतात. असा दावा आला म्हणजे फाइल पुन्हां हिशेबनिसांकडे जाते, आणि त्या सकाळीं वारा कोणत्या दिशेनें होता, माणूस खंदकांत किती वेळ बसला होता, किती धूळ उडाली होती, हे प्रश्न नव्यानें विचारले जातात.